अंकांतून स्वर

जळगावची सोन्याची पेठ सर्वश्रुत आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत मामांबरोबर तेथील एका सराफाच्या दुकानी जाण्याचा योग आला. आता तेथे विजेचे काटे आले आहेत. तथापि त्या वृद्ध गृहस्थांनी आपला जुना तराजू व पितळी वजनांची पेटी जपून ठेवली होती. मी कुतूहलाने एक लहानसे वजन उचलून पाहू लागलो, तेव्हा ते म्हणाले, "बाळ, लहान वजनात खोट असली तर फरक लहानच पडतो, पण मोठ्या वजनात खोट असली, तर मग लहान वजने ठेवून उपयोग काय?" हे बोलणे मला त्या वेळी सामान्यच वाटले. पुढे दोनच महिन्यांनी, एक यंत्र बनविताना, त्याचा खरा अर्थ उमगला. त्या यंत्राची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझी आजी धुळ्याजवळच्या एका खेड्यात राहते. श्रावणातील कानबाईची अहिराणी गाणी तिला शेकड्यांनी मुखोद्गत आहेत. आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी त्यांच्या चिरंजीवांनी, सोपानदेवांनी, व पितांबर चौधरी यांनी उतरवून घेतली, म्हणूनच ती १९५२ साली ग्रंथरूपाने आपल्या हाती आली. परंतु लेखणीने शब्द राहतात. गळा राहत नाही. म्हणून आजीची गाणी मी मोबाईलवर ध्वनिमुद्रित केली आणि ती ऐकविणारे यंत्र स्वहस्ते बनविण्याचा संकल्प आम्ही तिघा वर्गमित्रांनी सोडला.

प्रथम ध्वनीचे अंक कसे होतात ते पाहू. आवाज म्हणजे हवेतील लहरी. मायक्रोफोन त्या लहरींचे विजेच्या लहरींत रूपांतर करतो. मग दर सेकंदास हजारो वेळा त्या लहरीची उंची मोजून तो अंक टिपून ठेवावयाचा. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये ही मोजणी सेकंदास ४४,१०० वेळा होते व उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या मानलेल्या असतात. आम्ही आमच्या शक्तीप्रमाणे सेकंदास २२,०५० मापे व २५६ पायऱ्या एवढ्यावरच समाधान मानले. तरीही तीन मिनिटांच्या एका गाण्यास सुमारे ४० लाख अंक लागतात!

आता या अंकांपासून पुन्हा विजेची लहर निर्माण करणारे जे साधन, त्यास डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर, संक्षेपाने डॅक, असे म्हणतात. मोबाईलमध्ये तो असतोच. पण एका चिमुकल्या चकतीत बंद असल्यामुळे त्याचे काम डोळ्यांना दिसत नाही. त्याचे तत्त्व मात्र तराजूचेच आहे. समजा, आपल्यापाशी १, २, ४, ८, १६, ३२, ६४ व १२८ ग्रॅमची आठ वजने आहेत. त्यांतून शून्यापासून २५५ पर्यंतचे कोणतेही वजन साधता येते. शंभर हवे असल्यास ६४, ३२ व ४ ही तीन वजने पारड्यात टाकावी. डॅकमध्ये पितळेच्या वजनांऐवजी विजेचा दाब असतो. आठ तारांपैकी ज्या तारेस ५ व्होल्ट मिळतात, तिचे 'वजन' पारड्यात पडले असे समजावे.

ही वजने आम्ही १०,००० ओहमच्या २५ रेझिस्टरांनी बनविली. त्यांची रचना शिडीसारखी असते. शिडीच्या लांबीवर प्रत्येक दोन टप्प्यांच्या मध्ये एकेक, असे सात रेझिस्टर. आणि प्रत्येक टप्प्यावरील आडव्या फांदीत दोन दोन जोडून २०,००० ओहम. अशा आठ फांद्या आठ तारांना जोडावयाच्या, व नववी शिडीच्या तळाशी शून्य दाबास. या मांडणीत प्रत्येक तारेचे वजन खालच्या तारेच्या बरोबर दुप्पट होते, व एक पायरी सुमारे साडेएकोणीस मिलिव्होल्टची भरते. मेमरी कार्डातील अंक वाचून आठ तारांवर देण्याचे काम आर्डुइनो नावाच्या लहानशा पाटीकडे सोपविले. शिडीच्या मुखाशी शून्य दाबाकडे जाणारा दीड नॅनोफॅरडचा कपॅसिटर जोडला. त्याने पायऱ्यांचे खडबडीत कोपरे थोडे गुळगुळीत होतात. पुढे दहा मायक्रोफॅरडच्या दुसऱ्या कपॅसिटरमधून ती लहर ॲम्प्लिफायरकडे नेली.

यंत्र पुरे झाले. आजीस बोलावून गाणे लावले. तिने क्षणभर ऐकले व मान हलविली. "हाऊ मन्हा आवाज नही, भाऊ." तिचे खरे होते. उंच स्वर बरे लागत. परंतु ती आवाज खाली आणी, तेव्हा त्यात फाटक्या कापडासारखी खरखर येई.

दोष कोठे असावा? आम्ही शून्यापासून एकेक अंक देऊन मीटरने दाब मोजू लागलो. १२७ या अंकास २.५४ व्होल्ट आले. १२८ ला ते वाढावयास हवेत. ते उलट २.४४ झाले! १२७ मध्ये खालची सातही वजने पारड्यात असतात. १२८ ला ती सारी उतरून एकटे सर्वांत मोठे वजन चढते. त्या मोठ्या फांदीत आम्ही जुन्या डब्यातील रेझिस्टर घातले होते. २०,००० च्या ठिकाणी तेथे २१,००० ओहम भरले. सराफांचे वाक्य मला तत्क्षणी आठवले. आणि हळू स्वरच का बिघडत, तेही उघड झाले. या पद्धतीत शांतता म्हणजे १२८ हा अंक. हळू आवाजाची लहर त्याच्याच आसपास वर-खाली होते, म्हणजे क्षणोक्षणी त्या खोट्या वजनावरूनच जाते.

मग धुळ्याच्या बाजारातून एक टक्का अचूकतेचे शंभर रेझिस्टर आणले. गणित केल्यावर दिसले की, मोठ्या फांदीत एक टक्क्याची चूकही दाब पाच मिलिव्होल्टने उलटा उतरविते. म्हणून शंभरांतला प्रत्येक रेझिस्टर मोजला. आमच्या मीटरला दहा ओहमचा फरक कळतो. परस्परांशी अगदी जुळणारे २५ निवडले, आणि त्यांतही सर्वोत्तम ते मोठ्या वजनांसाठी राखले. या कामी दोन संध्याकाळ गेल्या. १२७ वरून १२८ वर जाताना मीटरचा आकडा या खेपेस वाढला.

या यंत्राची मर्यादाही सांगणे अवश्य आहे. २५६ पायऱ्यांमुळे गाण्यामागे बारीक सूं असा आवाज राहतोच. आणि ६५,५३६ पायऱ्यांची शिडी अशी हाताने निवडून होणार नाही; कारण तेथे एक पायरी पाऊण मिलिव्होल्टच्याही दहाव्या हिश्शाएवढी असते. त्यासाठी काही कारखान्यांत लेसर किरणांनी रोध कापून नेमका करीत. आजचे बहुतेक डॅक वजनांची संख्याच कमी ठेवतात व ती अतिशय वेगाने चढवून-उतरवून सरासरीने हवा तो दाब साधतात.

ज्या विद्यार्थिमित्रांस हा प्रयोग करावयाचा असेल, त्यांनी गाणे लावण्यापूर्वी १२७ व १२८ हे दोन अंक अवश्य मोजून पाहावे. आमचा पंधरवडा त्यावाचूनच फुकट गेला. पुढल्या रविवारी यंत्र पुन्हा आजीसमोर ठेवले. गाणे संपेपर्यंत ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "हां, आते मन्हा शे," आणि पुढचे कडवे स्वतःच म्हणू लागली. ते आम्ही ध्वनिमुद्रित करून ठेवले आहे.