सिस्टरला न्यायाने वागवलं जातं का? तुमच्या रुग्णासाठी हा प्रश्न महत्त्वाचा का आहे

रात्रीचे दोन वाजले आहेत. ऑपरेशन झालेल्या रुग्णाची लघवी संध्याकाळपासून कमी झाली आहे आणि चार्टवर पोटॅशियम घातलेलं सलाईन सुरू ठेवण्याची सूचना आहे. पोटॅशियम मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं. लघवी कमी असताना ते रक्तात साठलं, तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. वॉर्डातल्या सिस्टरला शंका आली आहे. आता ती डॉक्टरांना उठवून विचारेल, की चार्टवर लिहिलंय म्हणून सलाईन चालू ठेवेल?

हे तिच्या ज्ञानावर अवलंबून आहेच. पण ज्ञान असूनही सिस्टर गप्प राहिल्याचं आम्ही डॉक्टरांनी पाहिलं आहे. गेल्या वेळी फोन केला तेव्हा काय ऐकावं लागलं, हे तिच्या लक्षात असतं.

मी निवासी डॉक्टर असताना अशाच एका फोनवर सिस्टरवर खेकसलो होतो, "एवढ्यासाठी उठवलंत?" पुढच्या आठवड्यात दुसऱ्या रुग्णाचा ताप मध्यरात्रीपासून चढत होता. मला ते सकाळच्या राऊंडला कळलं. रुग्ण बरा झाला, पण अँटिबायोटिक बदलायला काही तास उशीर झाला, आणि त्यात माझा वाटा होता.

न्याय म्हणजे फक्त पगार नव्हे

पगाराचा प्रश्न खरा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्र सरकारच्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी शिफारस केली: २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर राज्य सरकारी परिचारिकेइतका पगार, ५० पेक्षा कमी असतील तरी महिना किमान २०,००० रुपये. अनेक लहान रुग्णालयांत आजही याहून कमी पगारावर काम चालतं.

रोज टोचणाऱ्या गोष्टी मात्र आणखी वेगळ्या असतात. लागोपाठ नाईट कोणाला लावली जाते, सणाची रजा कोणाला मिळते, तेच काम करणाऱ्या कंत्राटी सिस्टरला कायम सिस्टरपेक्षा किती कमी मिळतं. आणि चूक झाली की आधी काय घडलं ते विचारतात, की थेट मेमो हातात ठेवतात? नियम सगळ्यांना सारखे आहेत आणि आपलं ऐकून घेतलं जाईल, असं वाटलं की आत्मविश्वास टिकतो. तो टिकला की शंका बोलून दाखवली जाते.

अमेरिकेत एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या, तेव्हा चांगल्या समजल्या जाणाऱ्या वॉर्डांत चुकांच्या नोंदी जास्त निघाल्या. तिथे परिचारिका चूक लपवत नव्हत्या, हे त्याचं कारण असल्याचं पुढे लक्षात आलं. म्हणून "आमच्याकडे चुका होतच नाहीत" म्हणणाऱ्या रुग्णालयाबद्दल मला जरा काळजीच वाटते.

कामाचा भार हाही न्यायाचाच भाग. लिंडा एकेन यांच्या २००२ च्या अभ्यासात, पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांत, एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी जास्त आढळली. तिला मनापासून काम करायचं असलं, तरी हात दोनच असतात.

तुम्ही काय करू शकता?

दाखल होताना विचारा: रात्री या वॉर्डात किती रुग्णांमागे एक सिस्टर असते? हा प्रश्न विचारण्यात काहीही वावगं नाही.

ड्यूटी बदलताना, बहुतेक ठिकाणी सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठच्या सुमारास, एक सिस्टर दुसरीला रुग्णाची माहिती देत असते. त्या वेळी बिलाची किंवा डिस्चार्जची चौकशी नको. श्वास लागणं, शुद्ध हरपणं, रक्तस्राव असं काही असेल तर मात्र क्षणभरही थांबू नका.

सिस्टर एखादं इंजेक्शन द्यायचं थांबवून "डॉक्टरांना विचारून देते" म्हणाली, तर "तुम्हाला माहीत नाही का?" असं म्हणू नका. ती त्या वेळी तुमच्याच रुग्णाची काळजी घेत असते. तक्रार असेल तर वॉर्डात आरडाओरडा न करता इन्चार्ज सिस्टर किंवा मेट्रनकडे जा, आणि काय घडलं ते वेळेसकट सांगा. एखाद्या सिस्टरमुळे धोका टळला असेल, तर तेही त्यांना लेखी कळवा. पुढच्या रात्री फोन उचलताना तिला त्याचा आधार वाटतो.