देहाबाहेरचे आयुष्य

महिन्याची पहिली तारीख. बँकेच्या रोख खिडकीपुढे रांग लागलेली असते. रोखपाल बोट जिभेला लावून नोटा मोजतात. खिडकीबाहेरचे आजोबाही हाती आलेली रक्कम त्याच रीतीने मोजून घेतात. शेजारी ओल्या स्पंजची वाटी असूनही तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. हे नेहमीचे दृश्य पाहताना मनात एक प्रश्न उभा राहतो : काल कुणाच्या हातून या नोटेवर आलेला रोगजंतू आज जिवंत असेल काय?

या प्रश्नाला एकच उत्तर नाही. शरीरात जंतूंना ऊब, ओलावा आणि अन्न आयते मिळते. शरीराबाहेर पडताच हा आधार तुटतो. त्यानंतर कोण किती दिवस तग धरील, हे मुख्यतः ओलावा, ऊन आणि त्या जीवाचे स्वतःचे कवच यांवर ठरते.

रॉबर्ट कॉख यांनी 1884 साली कोलकात्यात पटकीच्या जंतूचा अभ्यास केला. मळलेल्या ओल्या कपड्यांत हा जंतू वाढतो, पण कोरडेपणा त्याला सोसत नाही, असे त्यांना आढळले. हिवतापाचा परोपजीवी तर त्याहून परावलंबी आहे. माणसाचे रक्त आणि डासाचा देह सोडून तो उघड्यावर जगूच शकत नाही.

परंतु सगळेच इतके नाजूक नसतात. जर्मनीतील तज्ज्ञांनी 2006 साली रुग्णालयांतील जंतूंविषयीच्या संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला. गळू व जखमांत पू करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस कोरड्या पृष्ठभागावर 7 दिवसांपासून 7 महिन्यांपर्यंत टिकू शकतो, असे त्यात नमूद आहे. अर्थात, जंतू सापडला म्हणजे रोग झालाच असे नव्हे. काळाबरोबर त्यांची संख्या घटत जाते.

काही जंतू प्रतिकूल काळात बीजाणूचे रूप घेतात. ही जणू निसर्गाची दीर्घ मुदतीची ठेवच! दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, स्कॉटलंडजवळील ग्रुइनार्ड बेटावर अँथ्रॅक्सच्या बाँबची चाचणी झाली. मातीत मुरलेल्या बीजाणूंमुळे ते बेट सामान्यांसाठी बंद ठेवावे लागले. 1986 साली समुद्राच्या पाण्यात फॉर्माल्डिहाइड मिसळून तेथील जमीन निर्जंतुक करण्यात आली आणि 1990 मध्ये बेट सुरक्षित जाहीर झाले.

आपल्या घराला अधिक जवळचा प्रश्न जंतांचा आहे. गोलकृमीची अंडी विष्ठेतून मातीत पडतात, दोन-तीन आठवड्यांत संसर्गक्षम होतात आणि अनुकूल मातीत काही वर्षेही टिकतात. मातीत खेळलेल्या बालकाच्या नखांतून ती पोटात जातात. यासाठीच 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. मात्र गोळी पोटातील जंत मारते, अंगणातील अंडी नव्हे. म्हणून शौचालयाचा वापर, पायांत चपला आणि कापलेली नखे यांना पर्याय नाही.

क्लोरीनवरही सर्वस्वी विसंबता येत नाही. 1993 मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम हा परोपजीवी नळाच्या पाण्यातून पसरला आणि सुमारे 4 लाख लोक आजारी पडले. तेथे क्लोरीन निष्प्रभ ठरले. पाणी उकळून पिण्याचा साधा उपाय मात्र खात्रीचा होता.

आता पुन्हा रोख खिडकीकडे वळू. नोट कुणाकुणाच्या हातून आली हे आपल्याला कळणार नाही, आणि त्याचे भय बाळगण्याचेही कारण नाही. नोटेवरून जंतूला पोटापर्यंत नेणारा पूल म्हणजे आपले बोट. तो पूल तोडणे आपल्या हाती आहे. नोटा मोजताना बोट जिभेला लावू नये आणि जेवणाचा डबा उघडण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. अल्कोहोलच्या द्रावाने बीजाणू मरत नाहीत. साबण-पाण्याने ते हातावरून वाहून जातात. आणि हो, स्पंजची ती वाटीही रोज स्वच्छ करून तिच्यातील पाणी बदलावे. शेवटी, ओलावा जंतूंनाही प्रियच असतो!