दिसत नाही म्हणजे गेली असं नाही!

लग्नसराई तोंडावर आली होती आणि माझा जुना कॉम्प्युटर रोज मान टाकत होता. घरच्या घरी लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं असं डीटीपीचं काम करते मी. शेवटी भाच्याने सुटीत येऊन सुटे भाग आणून नवा कॉम्प्युटर जोडून दिला. "मावशी, विंडोजसाठी ही छोटी एसएसडी आणि तुझी जुनी हार्ड डिस्कही यातच लावलीय," असं म्हणून तो रात्रीच्या गाडीने पुण्याला गेला.

सकाळी मशीन झकास सुरू झालं, पण जुनी डिस्क कुठे दिसेना! १० वर्षांच्या पत्रिकांचे नमुने, सासूबाईंच्या पंचाहत्तरीचे फोटो, सगळं तिच्यावरच. पोटात धस्स झालं. दुकानात फोन केला, तर उत्तर आलं, "गेली असेल ताई. नवीच टाकून घ्या."

हे म्हणाले, "अगं, काल जुन्या मशीनवर चालत होती ना? एका रात्रीत कशी जाईल?" खरंच की! पदर खोचला आणि भाच्याला फोन लावला.

तो म्हणाला, "मावशी, डिस्क नक्की कोणाला दिसत नाही, विंडोजला की मशीनलाच? ते आधी बघ." मशीन सुरू होताना डिलीट बटण (काहींवर एफ२) दाबत राहिलं की बायोसचा स्क्रीन येतो. जोडलेल्या डिस्कची नावं तिथे असतात. माझी तिथेही नव्हती. म्हणजे आधी जोडणी तपासायची.

मशीन बंद केलं, प्लग काढला, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली आणि झाकण उघडलं. अशा डिस्कला दोन केबल असतात. रुंद टोकाची वीज देते, अरुंद टोकाची मदरबोर्डला जाते. दोन्हींपैकी एक जरी सैल असली तरी डिस्क दिसत नाही. दोन्ही घट्ट बसवल्या, जुन्या मशीनची केबलही लावून पाहिली. तरी नाही! पण मशीन सुरू केल्यावर डिस्क फिरल्याचा बारीक आवाज येत होता, म्हणजे वीज पोचत होती.

मग मदरबोर्डची पुस्तिका काढली. खरी गोम तिथे होती! काही मदरबोर्डवर ठरावीक खाचेत एसएसडीची पट्टी बसवली की हार्ड डिस्कचे एक-दोन पोर्ट आपोआप बंद होतात. माझ्या बोर्डवर ५ आणि ६ नंबरचे बंद झाले होते आणि केबल नेमकी ५ मध्ये! मशीन बंद करून ती २ मध्ये लावली, आणि बायोसमध्ये नाव हजर! भाच्याने फोनवरच जीभ चावली. मैत्रिणींनो, प्रत्येक बोर्डचा नियम वेगळा असतो, म्हणून आपलीच पुस्तिका बघा.

कधी डिस्क बायोसमध्ये दिसते, पण विंडोजमध्ये नाही. तेव्हा स्टार्टवर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. डिस्क कोरी असेल, तर 'इनिशियलाइझ' करून 'जीपीटी' निवडा आणि 'न्यू सिंपल व्हॉल्यूम'ने तिला अक्षर द्या. २ टीबीपेक्षा मोठी डिस्क जुन्या 'एमबीआर' पद्धतीत पूर्ण वापरता येत नाही.

जुन्या, भरलेल्या डिस्कला फक्त अक्षर नसेल, तर तेवढंच द्या. पण विंडोज 'इनिशियलाइझ' किंवा 'फॉरमॅट' करू का असं विचारू लागलं, तर मात्र मुळीच हो म्हणू नका! डिस्कमधून टकटक आवाज आला, तर लगेच मशीन बंद करून जाणकाराला दाखवा. सारखं चालू-बंद केल्याने नुकसान वाढतं.

नव्या डिस्कचे पैसे वाचले, पण मी ते खर्च केलेच! बाहेरून लावायची एक डिस्क घेतली आणि सगळ्याची दुसरी प्रत करून कपाटात ठेवली. सगळे दागिने आपण एकाच डब्यात ठेवत नाही, मग १० वर्षांची मेहनत तरी एकाच डिस्कवर का ठेवायची?