आज हिचाही रोजा

पहाटेचे पावणेचार. महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या तबेल्यात पहिला दिवा लागतो, तेव्हा बाहेरच्या रस्त्यावर टॅक्सीसुद्धा क्वचितच दिसते. एका बाजूला महालक्ष्मीचे मंदिर, दुसऱ्या बाजूला समुद्रातला हाजी अलीचा दर्गा, आणि या दोन्हींच्या मध्ये, मुंबई झोपलेली असताना, शेकडो घोडे जागे होतात. दिवा लागला की खुरांची खडखड सुरू होते. चंदी येणार हे त्यांना कळलेले असते.

माझा मामेभाऊ इथे मोतद्दार आहे. गेल्या वर्षी रमजानमध्ये कॉलेजच्या कामासाठी मुंबईत आठवडाभर राहायचे होते. मी लॉज शोधत होतो, तर तो म्हणाला, "भाईजान, घर असताना लॉज कशाला? सहरीला उठवायला मी आहेच." म्हणून तबेल्यामागच्या त्याच्या एका खोलीत मी सात दिवस काढले.

पहिल्याच पहाटे मी सहरीला बसलो आणि तो उठून गेला. सहरी म्हणजे रोजा सुरू होण्याआधीचे खाणे. साडेपाचच्या सुमारास फजरची वेळ होते, त्याआधी ते उरकावे लागते. तो परतला तेव्हा चार वाजून वीस मिनिटे झाली होती. कुठे गेला होतास म्हणून विचारले, तर म्हणाला, "आधी त्यांना दिले. त्यांच्या पोटात गेल्याशिवाय आपल्याला घास उतरत नाही. अब्बांची सवय."

अब्बा म्हणजे माझे मामू. त्यांनी तीस वर्षांहून जास्त काळ हेच काम केले. हिवाळ्यात मुंबई, पावसाळ्यात पुणे, असा घोड्यांबरोबर त्यांचाही मुक्काम हलायचा. आता ते आपल्याच गावात, आमच्या शेजारी राहतात. गुडघे गेले आहेत, पण गल्लीतून टांगा गेला तरी खिडकीतून वाकून त्या घोड्याचे पाय बघतात.

भाषा शिकवणारा माणूस तबेल्यात गेला की शब्दांत अडकतोच. तबेला, पागा, लगाम, रिकीब, नाल हे आपले अस्सल मराठी वाटणारे शब्द अरबी-फारसीतून घोड्यांच्याच पाठीवर बसून आले. अरबी 'कुमैत' म्हणजे तांबूस काळपट घोडा, तो मराठीत कुम्मेद झाला. घोड्याची देखभाल करणारा तो 'सईस', आणि राजकारणाला उर्दूत म्हणतात 'सियासत'. दोन्ही शब्दांचा धातू एकच. जनावर सांभाळणे आणि राज्य सांभाळणे यांत अरबांनी फार फरक केला नाही. रोजाला अरबीत 'सौम' म्हणतात, म्हणजे थांबणे, स्वतःला आवरणे. जुन्या अरबी कोशांत हा शब्द समजावताना घोड्याचे उदाहरण येते: दाणा-वैरण न घेता जागीच स्थिर उभा राहिलेला घोडा. हा अर्थ मी वर्गात अनेकदा सांगितला आहे. डोळ्यांनी पाहिला तो त्या आठवड्यात.

तबेल्याचा आठवडा सोमवारी सुरू होतो, पण तो सुटीसारखा. आदल्या दिवशी धावलेल्या घोड्यांना फक्त चालवतात. नालबंद येतो, खुरे तासतो. तीन-चार आठवड्यांनी नाल बदलावे लागतात आणि शर्यतीसाठी ॲल्युमिनियमचे हलके नाल ठोकतात. मंगळवारी संथ दौड. बुधवार-गुरुवार म्हणजे खरी परीक्षा. फजरची नमाज आटोपून आम्ही ट्रॅकच्या कठड्याशी उभे राहायचो. उजाडता उजाडता घोडे जोडीजोडीने सुटायचे. आधी फक्त धाप ऐकू यायची, मग धुक्यातून आकृती दिसायच्या. ट्रेनरसाहेब हातात स्टॉपवॉच घेऊन हजार मीटरची वेळ बघायचे. कुराणातली 'अल-आदियात' ही सूरह धापा टाकत धावणाऱ्या घोड्यांच्या शपथेने सुरू होते. ती मला लहानपणापासून पाठ आहे, पण तिच्यातला आवाज प्रत्यक्ष ऐकला तो त्या कठड्यापाशी.

शुक्रवारी पुन्हा हलका व्यायाम. शनिवारी धावणाऱ्यांचे पाय नुसते मोकळे करायचे. रविवारी शर्यत. हे झाले घोड्याचे वेळापत्रक. मोतद्दाराला वार नसतो. लीद उचलणे, खरारा करणे, पाय धुणे, ओट्स, कोंडा आणि हरभऱ्याची चंदी, लसूणघास, पाणी, पुन्हा खरारा. एक घोडा दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितो. मार्चच्या उन्हात जीभ टाळ्याला चिकटलेली असताना दुसऱ्यासाठी बादल्या भरत राहायचे, हा रोजाचा एक वेगळाच धडा.

मामेभावाकडे दोन घोडे होते. एक पाच वर्षांचा कुम्मेद आणि एक तीन वर्षांची सब्जी घोडी. सब्जी म्हणजे करड्या रंगाची. दोघांचीही नावे रविवारच्या यादीत लागली होती. कुम्मेदवर सगळ्यांची नजर होती. गुरुवारी त्याने दिलेली वेळ तबेल्यातून बाहेर कशी गेली कोण जाणे, संध्याकाळी आपल्या गावाहून माझ्याच मोबाईलवर निरोप आला, "सर, तुम्ही आतच आहात म्हणे. रविवारी कोण?" खोटे कशाला सांगू, क्षणभर मलाही आपण कुणीतरी महत्त्वाचे आहोत असे वाटले. मी फोन मामेभावाला दाखवला. तो हसला. म्हणाला, "लिहा, दोघांनीही रात्रीची चंदी पूर्ण खाल्ली. मला एवढेच माहीत असते."

इथे मूळ प्रश्नाकडे वळायला हवे. तो अनेक वाचकांच्या मनात आला असेल. पैजा आणि जुगार इस्लाममध्ये हराम आहेत. मग रेसकोर्सवर मुसलमान काम कसे करतात?

हा प्रश्न मामूंना आयुष्यभर टोचला. फार वर्षांपूर्वी एका नातेवाइकाने त्यांच्या घरी इफ्तार करायला नकार दिला होता. "रेसच्या पैशाचा खजूर नको," एवढेच तो म्हणाला. मामूंनी वाद घातला नाही. त्यांनी कधी एक रुपयाही घोड्यावर लावला नव्हता. पण दर रमजानमध्ये, ईदच्या आधी गरिबांसाठी काढायचा फितरा मोजताना ते मला विचारत, "बेटा, तू शिकलास. माझा फितरा कबूल होत असेल ना?"

मी मुफ्ती नाही, फतवा देणे माझे काम नाही. वाचले आहे तेवढे सांगतो. मदिनेत प्रेषित मुहम्मद यांनी घोडदौडी भरवल्याची नोंद हदीसमध्ये आहे. तयार केलेले घोडे पाच-सहा मैल धावले, तयारी नसलेले सुमारे एक मैल. अब्दुल्लाह इब्न उमर हे स्वतः स्वारांपैकी एक होते. या तयारीला 'तज़मीर' म्हणत. घोड्याला आधी भरपूर खाऊ घालायचे, मग चारा हळूहळू बेताचा करायचा, झूल पांघरून घाम काढायचा, म्हणजे अंगातले जड ते जाते आणि दम राहतो. जुन्या धर्मशास्त्रकारांनी घोडदौड, उंटांची दौड आणि तिरंदाजी यांत विजेत्याला बक्षीस द्यायला मुभा दिली. मात्र दोघांनी पैसे लावायचे आणि जिंकणाऱ्याने हरणाऱ्याचे घ्यायचे, याला त्यांनी जुगारच म्हटले. आजचे रेसकोर्स मोठ्या प्रमाणात तिकीट-खिडकीवर चालते, हेही खरे. तेव्हा घोड्याचे अंग पुसणाऱ्याच्या पगारात त्या खिडकीचा पैसा किती आणि त्याच्या घामाचा किती, हे वेगळे करणे मला जमलेले नाही. मामूंना मी एवढेच म्हणायचो, "मामू, तुम्ही जनावर सांभाळता." त्यांचे समाधान व्हायचे नाही.

शनिवारी पहाटे चंदी देऊन मामेभाऊ नेहमीच्या वेळेला परतला नाही. मी बाहेर गेलो. तो कुम्मेदच्या पुढ्यात उकिडवा बसला होता आणि त्याच्या पुढच्या डाव्या पायावरून हात फिरवत होता. वरून खाली, पुन्हा वरून खाली. मग उजव्या पायावरून. मग पुन्हा डाव्या.

"काय झाले?"

"गरम आहे."

मी हात लावून पाहिला. मला काही कळले नाही. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू नसतात, नुसती हाडे, शिरा आणि कातडी. साडेचारशे-पाचशे किलोचे धूड भरधाव सुटते, तेव्हा एकेका क्षणी सगळा भार अशा एकाच पायावर येतो. तिथली शीर दुखावली असेल तर पहिली खूण म्हणजे थोडीशी ऊब. घोडा लंगडत नव्हता. चंदी संपवली होती. थंड पाण्याची धार धरली असती तर दुपारपर्यंत ती ऊब कदाचित कुणाच्या हाताला लागलीही नसती. आणि घोडा जिंकला असता, तर मालकाकडून बक्षीस मिळाले असते. ईद दहा दिवसांवर होती. मुलीच्या शाळेची फी राहिली होती, हे मला आदल्या रात्रीच कळले होते.

तो थोडा वेळ तसाच बसून राहिला. मग उठून जमादाराकडे गेला. ट्रेनरसाहेब आले, डॉक्टर आले, पाय दाबून पाहिला, चालवून पाहिला. नऊच्या आत कुम्मेदचे नाव शर्यतीतून काढले गेले. मालकांचा चढलेला आवाज साहेबांच्या फोनमधून आम्हालाही ऐकू आला. साहेब एवढेच म्हणाले, "सईस म्हणतो तर आहे."

त्या दिवशी सहरी राहिली. त्याने घोटभर पाण्यावरच रोजा धरला.

रविवारी सकाळी सब्जी घोडीला थोडीशीच चंदी दिली. मग वैरण काढून घेतली आणि अंथरलेला पेंढाही खाऊ नये म्हणून तोंडाला मुसके बांधले. भरल्या पोटाने धावता येत नाही. ती कोपऱ्यात स्थिर उभी राहिली. शेजारच्या घोड्याचा मोतद्दार लातूरकडचा, देवभोळा माणूस. तो तिच्या मानेवर थाप मारून म्हणाला, "आज हिचाही रोजा." कोशातले ते जुने उदाहरण माझ्यासमोर चार पायांवर उभे होते.

घोडी शेवटून दुसऱ्या शर्यतीत धावली आणि तिसरी आली. मामेभावाला त्यातच आनंद होता, तिची ही दुसरीच शर्यत होती. धावून आलेल्या घोड्याला लगेच पोटभर पाणी देत नाहीत. फिरवून, अंग धुऊन, धाप बसल्यावर घोट-घोट पाजतात. तो तिला फिरवत असतानाच पावणेसात वाजले. इफ्तारची वेळ झाली. लातूरकराने एका हातात बादली धरली आणि दुसऱ्या हाताने खिशातला खजूर काढून मामेभावाच्या हातावर ठेवला. "तुम्ही सोडा रोजा, मी धरतो हिला." तबेल्यात हे ठरलेलेच असते. रमजानमध्ये संध्याकाळची चंदी हिंदू मोतद्दार घालतात. दसऱ्याला घोड्यांना झेंडूच्या माळा घालून पूजा होते, त्या दिवशी लीद उचलायची पाळी मुसलमानांची. याचे कुणी भाषण करत नाही. जनावराची वेळ चुकता कामा नये, एवढेच.

हे किती दिवस चालेल, कोण जाणे. 1883 पासून इथे घोडे धावत आहेत. 2024 मध्ये रेसकोर्सच्या 211 एकरांपैकी 120 एकर महापालिकेच्या बागेसाठी आणि 91 एकर क्लबकडे, असे ठरले. शहराला बाग हवी, यात वाद नाही. पण तबेल्यामागच्या खोल्यांत अलीकडे बोलणे सुरू होते ते 'पुढे कुठे' यावर. मोतद्दाराच्या हातांना जी ऊब कळते, ती दुसऱ्या कुठल्या नोकरीत कामाला येत नाही.

रात्री तरावीहच्या नमाजनंतर मामूंचा फोन आला. घोडी कितवी आली, हे त्यांनी विचारले नाही. "कुम्मेदचा पाय कसा आहे?" मुलगा म्हणाला, "सूज नाही. बर्फ लावलाय. दोन महिने आराम." पलीकडे मामू गप्प. मग म्हणाले, "साहेबांना तूच सांगितलेस ना?"

"हो अब्बा."

"बरे केलेस."

ईदला मी गावी होतो. नमाजला निघण्याआधी मामूंनी नेहमीप्रमाणे फितऱ्याचे पैसे मोजले, पुन्हा मोजले आणि माझ्या हातात दिले. मी त्यांच्या प्रश्नाची वाट पाहत होतो. त्या वर्षी त्यांनी तो विचारला नाही. काठी घेतली आणि म्हणाले, "चल, उशीर होईल."