फुटपाथ आणि पदपथ : एकाच पावलाचे दोन ठसे

नगरपालिकेच्या निविदेत ‘पदपथ’ असतो. त्याच निविदेची बातमी चहाच्या दुकानात वाचणारा मनुष्य मात्र ‘फुटपाथ’ म्हणतो. पहिला शब्द शुद्ध, संस्कृत आणि काहीसा कागदी. दुसरा परका, इंग्रजी आणि बोलीत रुळलेला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. भाषाशुद्धीच्या वादात हे उदाहरण अनेकदा पुढे केले जाते. परंतु दोन्ही शब्दांची मुळे उकरून पाहिली, तर परका कोण आणि घरचा कोण हे सांगणे अवघड होऊन बसते.

‘फुटपाथ’ हा ‘फूट’ आणि ‘पाथ’ या दोन इंग्रजी शब्दांचा समास. ‘पदपथ’ हा ‘पद’ आणि ‘पथ’ यांचा. मराठी शब्द इंग्रजीवरून बेतला आहे हे उघड आहे. पण बेतताना एक विलक्षण योग जुळून आला. समासातील दोन्ही घटकांच्या जागी त्यांचे मूळचे नातेवाईकच येऊन बसले.

प्रथम पाऊल पाहावे. संस्कृतातील ‘पाद’, लॅटिनमधील ‘पेस’ (षष्ठीत ‘पेदिस’), ग्रीकमधील ‘पोउस’ आणि इंग्रजीतील ‘फूट’ हे सारे एकाच प्राचीन शब्दाचे वंशज आहेत. जर्मानिक भाषांत मूळच्या ‘प’चा ‘फ’ आणि ‘द’चा ‘ट’ झाला. संस्कृत ‘पितृ’ आणि इंग्रजी ‘फादर’ या जोडीत ‘प’चा तोच बदल दिसतो. मराठीत ‘पाद’चा ‘पाय’ झाला. चतुष्पाद प्राण्याचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून ‘पाव’ हा अंशही त्यातूनच आला. (गोमंतकीयांच्या न्याहारीतला पाव मात्र पोर्तुगीज ‘पांव’चा, त्याचा पायाशी काही संबंध नाही.) फारसीत हाच शब्द ‘पाय’ या रूपात आहे आणि ‘पायजमा’ म्हणजे पायाचे वस्त्र, हे त्यावरून सहज ध्यानात येते.

पायी चालणाऱ्याला भाषांनी कोणता दर्जा दिला, हेही या कुळात पाहण्यासारखे आहे. फारसी ‘पियादा’ म्हणजे पायदळातील शिपाई. बुद्धिबळाच्या पटावर तो ‘प्यादे’ झाला. मध्ययुगीन लॅटिनमधील पायदळाच्या शिपायावरून पोर्तुगीजांत ‘पियांव’ हा शब्द आला, आणि हिंदुस्थानातील कचेऱ्यांत चिठ्ठ्या पोहोचविणारा ‘प्यून’ हे त्याचेच रूप. इंग्रजी बुद्धिबळातील प्यादे, म्हणजे ‘पॉन’, हेसुद्धा त्याच लॅटिन शब्दातून निघाले. पोर्तुगालमध्ये पादचाऱ्याला आजही ‘पियांव’च म्हणतात. म्हणजे पादचारी, प्यादे आणि प्यून हे तिघे एकाच घरातले; घोड्यावर वा गाडीत बसलेल्यांच्या दृष्टीने तिघेही खालच्या पायरीवरचे.

‘पथ’चे कुळ याहून विस्तृत आहे. संस्कृतातील ‘पन्थाः’ हे त्याचे प्रथमेचे रूप; त्यातून पंथ, पथिक, पांथस्थ हे शब्द आले. वाटेसाठी बांधून घेतलेली शिदोरी ती ‘पाथेय’. वाटेला धरून असलेले, म्हणून योग्य आणि हितकर, ते ‘पथ्य’. वैद्याने सांगितलेल्या पथ्यात मुळात रस्ता दडलेला आहे हे आज कोणाच्या ध्यानातही येत नाही. लॅटिनमध्ये याच मुळापासून पूल या अर्थाचा शब्द झाला. त्याचे पोर्तुगीज रूप ‘पोंत’. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा, सतराव्या शतकात व्हाइसरॉय लिन्यारिश याच्या काळात उभारलेला बांध ‘पोंत द लिन्यारिश’ म्हणून ओळखला जातो. त्या ‘पोंत’चे आणि वारकरी पंथातल्या ‘पंथ’चे मूळ एकच. रशियन भाषेत वाट म्हणजे ‘पुत्’. 1957 साली अंतराळात गेलेल्या ‘स्पुतनिक’चा अर्थ वाटेतला सोबती.

मग इंग्रजी ‘पाथ’चे काय? येथे एक पेच आहे. ‘पाद’चा ‘फूट’ झाला त्या नियमाने या मुळाचाही इंग्रजीत ‘फ’ने आरंभ होणारा शब्द व्हायला हवा होता. ‘फाइंड’ म्हणजे सापडणे, हा तसा शब्द असावा असे मानतात. वाट चालता चालता हाती लागणे हा त्याचा मूळ भाव. ‘पाथ’मध्ये मात्र ‘प’ जसाच्या तसा टिकला आहे. म्हणून हा शब्द जर्मानिक भाषांनी फार प्राचीन काळी एखाद्या इराणी भाषेकडून उसना घेतला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. इराणी भाषा संस्कृतच्या सख्ख्या भगिनी. हे मत ग्राह्य धरले, तर ‘फुटपाथ’मधला ‘पाथ’ पूर्वेकडून पश्चिमेला गेला आणि बऱ्याच शतकांनी इंग्रजांच्या सोबतीने परत आला, असे म्हणावे लागते. ‘पाथ’ म्हणजे पाथर, फरशी, अशी एक लोकव्युत्पत्ती सुचू शकते; ती मात्र खरी नाही. पाथर हा ‘प्रस्तर’चा.

खुद्द इंग्लंडात हा शब्द आता आपल्या अर्थाने फारसा चालत नाही. तेथे ‘फुटपाथ’ म्हटले की शेतांतून, कुरणांतून जाणारी आणि लोकांना चालण्याचा हक्क असलेली पायवाट डोळ्यांसमोर येते. रस्त्याच्या कडेच्या चौथऱ्याला लोक ‘पेव्हमेंट’ म्हणतात. 1980 च्या ब्रिटिश महामार्ग कायद्याने कडेच्या मार्गाला ‘फुटवे’ हे वेगळे नाव देऊन हा भेद पक्का केला. अमेरिकेत ‘साइडवॉक’ हा शब्द आहे आणि ‘पेव्हमेंट’ म्हणजे रस्त्याचा पृष्ठभाग, त्यामुळे लंडनचा मनुष्य न्यूयॉर्कमध्ये गोंधळतो. आपण मात्र जुना अर्थ जपला. 1835 च्या ब्रिटिश कायद्यात रस्त्याच्या कडेने पायी चालणाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या ‘फुटपाथ किंवा कॉजवे’वर घोडा वा गाडी नेणे हा अपराध ठरविला होता. भारत, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे तोच अर्थ आजही कायम आहे.

मराठीला अशा शब्दाची गरज का पडली, हाही प्रश्न आहे. वाटांच्या शब्दांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. दोन्ही बाजूंना शेतांची कुंपणे असलेली पाणंद, कोकणातली जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी, घरांमधला बोळ, आणि सर्वांत जुनी पायवाट. यातली ‘वाट’ संस्कृत ‘वर्त्मन्’पासून आली, त्या शब्दात चाकाच्या चाकोरीचा अर्थ आहे. पण पायवाट पायांनी बनते. ती कोणी आखत नाही, आणि माणसे चालेनाशी झाली की ती बुजते. वाहनांची गर्दी झालेल्या रस्त्याचा एक तुकडा मुद्दाम उंच करून, आखून, चालणाऱ्यांसाठी राखून ठेवणे ही नगररचनेची गोष्ट आहे. रोमन पाँपेईत असे उंच कट्टे आजही दिसतात. आपल्याकडे ही आखणी इंग्रजी अमलातील शहरांतून रुळली आणि शब्दही तिच्यासोबत आला. ‘पदपथ’ त्यानंतर घडला आणि सरकारी कागदांत स्थिरावला. उच्चारात तो वेदांच्या ‘पदपाठा’च्या फार जवळ जातो, ही त्याची एक अडचण, तेथे ‘पद’ म्हणजे शब्द, पाऊल नव्हे.

शब्द रुळला तसा त्याचा अर्थही सरकत गेला. 1953 साली दिलीपकुमार यांचा ‘फुटपाथ’ हा चित्रपट आला तोवर या शब्दाला दारिद्र्याची छटा आलेली होती. फुटपाथवर आला, म्हणजे सर्वस्व गमावले. हैदराबादच्या आबिड्स भागात रविवारी फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तेथे हा शब्द ज्ञानाच्या स्वस्ताईचा होतो. कोठे तो दुकानाचा पुढचा भाग असतो, कोठे दुचाक्यांचा तळ. चालण्याची जागा हा मूळ अर्थ तेवढा मागे पडत गेला.

हा अर्थाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मुंबईतील पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पीठाने 1985 साली दोन्ही बाजूंचे म्हणणे गंभीरपणे घेतले. उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, हे पीठाने मान्य केले. मात्र पदपथ हे सार्वजनिक सोयीसाठी आहेत, ते खासगी कारणासाठी अडवून ठेवण्याचा हक्क कोणाला नाही, असेही सांगितले. झोपड्या पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबरपर्यंत, हटवू नयेत, असा आदेश त्याच निकालात आहे. पुढे चाळीस वर्षांनी, मे 2025 मध्ये, न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने तोच 21 वा अनुच्छेद चालणाऱ्यांच्या बाजूने वाचला : अडथळे नसलेला पदपथ हा पादचाऱ्याचा हक्क आहे आणि तो दिव्यांगांनाही वापरता आला पाहिजे.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान 1.8 मीटर रुंदी मोकळी असावी लागते, आणि कठड्याची उंची 150 मिलिमीटरहून अधिक असू नये. 1.8 मीटर एवढ्यासाठी, की समोरासमोर आलेल्या दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींना ओलांडून जाव्यात.