मापाने बेतलेली मोटार

गडचांदूरच्या रस्त्यावर थोडा वेळ उभे राहिलो तर सिमेंटचा बल्कर, दगडाचा टिप्पर आणि पोत्यांनी भरलेला ट्रक अशी निरनिराळी वाहने समोरून जातात. वरून ती वेगवेगळी दिसतात. पण वाकून पाहिले तर प्रत्येकाच्या पोटाखाली दोन लांब पोलादी तुळया असतात. तुळयांची ही चौकट म्हणजे चासी. इंजिन, चाके, ब्रेक हे सारे तिलाच जोडलेले असते. वर टाकी बसवायची की हौदा, हे गरजेप्रमाणे ठरते. एस.टी.च्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील कार्यशाळांतही उघड्या चासीवरच बसगाड्यांची बॉडी बांधली गेली.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी श्रीमंतांच्या मोटारी अशाच बनत. एका कंपनीची चासी घ्यायची आणि बॉडी दुसऱ्याकडून बेतून घ्यायची, जसे कापड दुकानातून आणि शिलाई शिंप्याकडे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेच्या ड्युसेनबर्ग कंपनीच्या चासीवर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडून बॉडी बांधून घेतली. पुढच्या व मागच्या आसांमधले अंतर सुमारे ३.९ मीटर, इंजिन आठ सिलिंडरचे, जवळजवळ ६.९ लिटरचे, आणि बसायला जागा मात्र दोघांना!

आज कोणाला त्या धर्तीची एकच गाडी घडवायची असेल तर काय करावे लागेल?

खालची चौकट

पहिला प्रश्न आधाराचा. एक प्रयोग करून पाहा. काडेपेटीचा आतला खण बाहेर काढून दोन्ही टोकांना धरा आणि पिळा. तो सहज पिळला जातो. आता तो वेष्टणात सरकवून पुन्हा पिळा. पेटी जोरदार विरोध करते. आजच्या बहुतेक मोटारी या बंद पेटीसारख्या असतात. त्यांना वेगळी चासी नसते. तळ, खांब आणि छप्पर मिळूनच भार पेलतात. अशा गाडीचे छप्पर कापून तिला ‘जुन्या काळची’ उघडी मोटार बनवली तर उरतो तो नुसता खण. खड्ड्यात ती पिळते, दारे नीट लागत नाहीत आणि अपघातात आतल्या माणसांचे रक्षण होत नाही. म्हणून असे काम करणाऱ्याने बोलेरोसारखी वेगळी चासी असलेली गाडी निवडावी, नाहीतर भक्कम चौकट नव्याने बांधावी.

ऐट कशात आहे?

जुन्या गाडीची ऐट केवळ गोल दिव्यांत नाही. एका ओळीतले आठ सिलिंडर लांब जागा घेत, म्हणून बॉनेट लांब असे. इंजिन पुढच्या आसाच्या मागे आणि रेडिएटर जवळजवळ आसावर असे. आजच्या अनेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवे आणि चाकांच्या पुढे झुकलेले असते. त्यावर नुसते लांब तोंड चिकटवले तर गाडी सोंग घेतल्यासारखी दिसते. इंजिन मागे सरकवले तरच प्रमाण साधते. पण मग वजनाची वाटणी, गिअरचा दांडा, पाय ठेवायची जागा हे सगळे पुन्हा मोजावे लागते.

पत्रा कसा वळतो?

पूर्ण आकाराचे रेखाचित्र काढल्यावर ठरावीक अंतरावरचे आडवे छेद प्लायवुडमध्ये कापून एक साचा उभा करतात. पत्रा त्यावर टेकवून तपासायचा असतो. आता वर्गात एक कागद द्या आणि तो नळकांड्याभोवती गुंडाळायला सांगा. सहज जमेल. मग तोच संत्र्याभोवती गुंडाळायला सांगा. सुरकुत्या पडणारच. सपाट पृष्ठ न ताणता, न आकसता गोलाकार होत नाही, हे गाउसने १८२७ साली गणिताने सिद्ध केले. मडगार्डचा फुगवटा संत्र्यासारखाच दोन दिशांनी वळलेला असतो. म्हणून पत्रा मधोमध ठोकून पातळ व विस्तृत करतात किंवा कडेला आकसवतात.

हेच काम आपला तांबट हंड्यावर करतो. मठारल्याने तांबे कडक होते. ॲल्युमिनियमचेही तसेच. फार ठोकले तर ते तडकते, म्हणून मधूनमधून तापवून मऊ करावे लागते. पण ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याआधी लोखंडासारखे लाल दिसत नाही. मग कारागिराला उष्णता कळावी कशी? तो पत्र्यावर साबण घासतो. साबण काळपट झाला की ज्योत बाजूला! (हा प्रयोग वर्गात करू नये.)

त्या काळी पत्र्याच्या आत बहुधा ॲश लाकडाचा सांगाडा असे. लाकूड हलके आणि थोडे लवचीक. चासी पिळली की तेही थोडे झुके. मात्र सांधे सैल होत आणि ओल लागली की कुजत. नव्या कामात पोलादी नळ्या वापरणे अधिक सुरक्षित.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही बाब पुन्हा ठळक केली. तेव्हा परवानगी पत्रा ठोकण्याआधी, नंतर नव्हे. लग्नाच्या वरातीत सजून येणारी छप्पर कापलेली गाडी पाहून मुले हरखतात, यात नवल नाही. त्यांना एवढेच विचारावे: “हिच्या पोटाखाली तुळया आहेत का? आणि नसल्या, तर हिला ताठ कोणी धरले आहे?”