एका सुट्टीत तीन नेपाळ

आपली भारतवारी कशी होते ते मंडळाच्या सभासदांना वेगळं सांगायला नको. तीन आठवडे, सतरा घरं आणि प्रत्येक घरी पोहे. मुलं कंटाळतात, आजी-आजोबा दमतात आणि निघायच्या दिवशी लक्षात येतं की नातवंडांचं त्यांच्याशी निवांत बोलणं झालंच नाही. म्हणून गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही पुण्याचा मुक्काम आटोपता घेतला आणि आई-बाबांसह बारा दिवस नेपाळला गेलो.

हिमालय, जुनी शहरं आणि जंगल एकाच दौऱ्यात बसतात ती तिथल्या भूगोलाची कृपा. चितवनचं जंगल समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर, आणि तिथून दीडशे किलोमीटरच्या आत आठ हजार मीटरची शिखरं! क्रम मात्र आम्ही विचारपूर्वक ठरवला : आधी काठमांडूचं खोरं, म्हणजे विमानप्रवासाचा शीण उतरतो, मग डोंगर, आणि शेवटी जंगल, कारण तोवर पायांना बसून राहावंसं वाटू लागतं.

काठमांडूच्या खोऱ्यात बाबा आमचे गाइड झाले. पाटणचं कृष्णमंदिर १६३७ सालचं, पूर्ण दगडी. पहिल्या मजल्यावर महाभारत, वरच्यावर रामायण कोरलेलं. इंग्रजी पाट्या वाचून मुलांना जे कळलं नसतं ते आजोबांनी बोटाने दाखवत सांगितलं. दीड तास दोघं तिथून हलली नाहीत. भक्तपूरचं पाच मजली न्यातपोल १७०२ मधलं. त्याच्या पायऱ्यांवर खाली दोन मल्ल, त्यावर हत्ती, मग सिंह. वरची प्रत्येक जोडी खालच्यापेक्षा दहापट बलवान, असा हिशेब! २०१५ च्या भूकंपात त्याच चौकाच्या जवळचं वत्सलादेवीचं देऊळ कोसळलं, पण न्यातपोल उभं राहिलं. वत्सलादेवीचं देऊळ आता पुन्हा बांधलं आहे. भक्तपूरला मातीच्या वाडग्यातलं म्हशीच्या दुधाचं 'जुजु धौ' जरूर खा. आईने दोन वाडगे संपवले आणि तिसऱ्याची चौकशी केली.

पोखऱ्याहून आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. बाबांचे गुडघे चढाईचे नाहीत, त्यामुळे ते आणि आई तळ्याकाठी राहिले आणि आम्ही चौघं चार दिवस घोडेपानीच्या वाटेला लागलो. सगळ्यांनी एकत्र राहायचं म्हणून आलो आणि डोंगरासाठी पांगतो आहोत, याची रुखरुख होतीच. उलेरीच्या तीन हजारांहून अधिक पायऱ्या चढताना मात्र दुसरं काही सुचत नाही! सिंहगडावर धापा टाकणाऱ्यांनी आधी महिनाभर जिने चढावेत. चौथ्या दिवशी घांद्रुकला उतरून जीपने परत. २०२३ पासून परदेशी पदयात्रींना परवानाधारक वाटाड्या घ्यावा लागतो. आम्हाला तो खर्च मुळीच जड वाटला नाही. हमालांवर मात्र आपल्या बॅगांचा डोंगर लादू नका, आणि त्यांचा विमा उतरवला आहे ना, हे आधीच विचारा.

पून हिल ३,२१० मीटरवर आहे. पहाटे कडाक्याच्या थंडीत वर गेलो. धवलगिरी, अन्नपूर्णा आणि उजवीकडे माच्छापुच्छ्रे. तेच शिखर पोखऱ्यातून आजोबांच्या गच्चीवरूनही दिसतं. धाकटीने फोन लावला. "आजोबा, आता लाल झालं!" "माझ्याकडेही झालं गं." पुढे दहा मिनिटं दोघं एकमेकांना रंग सांगत होती. आम्ही चहा प्यायलो.

चितवनमध्ये पुन्हा सगळे एकत्र. डिसेंबरात तिथे सकाळी दाट धुकं असतं, त्यामुळे जीपची फेरी दुपारची घ्यावी. एकशिंगी गेंडा रस्त्यालगत चरताना दिसला, होडीतून मगरी आणि सुसरी. २०२१ च्या गणनेत एकट्या चितवनात ६९४ गेंडे होते. वाघ दिसेलच असं मुलांना सांगून ठेवू नका. हत्तीवरची सफर आम्ही टाळली; त्या जनावरांना कसं माणसाळवतात ते वाचल्यावर मन होईना.

आता व्यवहाराचं. शाळेच्या उन्हाळी सुट्टीत जाऊ नका : पाऊस, ढग आणि वाटेवर जळवा. लालीगुरांस फुललेला पाहायचा तर मार्च-एप्रिल. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागत नाही. अमेरिकन पासपोर्टवाल्यांना तो काठमांडूच्या विमानतळावर मिळतो, पण ओसीआय कार्ड तिथे उपयोगाचं नाही. प्रवेशशुल्कही सार्क देशांच्या नागरिकांना बरंच कमी असतं. प्रत्येक खिडकीवर आई-बाबा स्वस्तात आणि आम्ही परदेशी! बाबांनी याचा आनंद शेवटपर्यंत लुटला.

चितवनजवळच्या भरतपूरहून काठमांडूला विमान आहे, परंतु हिवाळ्यात धुक्यामुळे ते अडकतं. परतीच्या मोठ्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवाच.